चिनी क्षेमकुशलाची कथा

राजा कोणत्या सालीं गादीवर बसला, कोणत्या रणांगणावर कोणाचा मोड झाला, तहाचीं कलमें किती होतीं, हें सर्व इतिहासकार मोठ्या दक्षतेनें टिपून ठेवितात. परंतु दोन स्नेही गल्लीच्या वळणावर भेटले असतां त्यांच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला, याची नोंद ठेवावी असें फारसें कोणास वाटत नाहीं. याचें कारण उघड आहे. नित्याच्या हाताळणीनें नाण्यावरील छाप झिजावा तसा नित्याच्या बोलण्यानें या शब्दांचा अर्थ झिजून गेलेला असतो, आणि ज्याचा अर्थच उरला नाहीं त्याचा इतिहास तो काय लिहावयाचा, असें मनुष्य सहज समजून चालतो. पण जुन्या नाण्यांचा अभ्यासक झिजलेलें नाणें टाकून देत नाहीं. तें उजेडाकडे तिरपें धरून कोणा राजाचें नांव दिसतें कीं काय, हें तो न्याहाळतो. क्षेमकुशलाच्या शब्दांचेंहि असेंच आहे. या दृष्टीनें पाहण्यासारखें राष्ट्र म्हणजे चीन. कारण शिष्टाचाराचा एवढा खल दुसऱ्या कोणत्याहि राष्ट्रानें क्वचितच केला असेल, आणि तरीहि तेथील मित्रामित्रांचें नमस्काराचें बोलणें शिष्टाचाराच्या ग्रंथांना फारसें न विचारतांच चालत आलेलें आहे.

प्रारंभ सर्पापासून करावा लागतो. शू शन या पंडितानें रचलेला ‘शुओ-वन’ नांवाचा चिनी शब्दकोश इ. स. १०० च्या सुमारास पुरा झाला व इ. स. १२१ मध्यें त्याच्या मुलानें तो हान दरबारीं सादर केला. आज चिनी लिपींत ‘तें’ या सर्वनामासाठीं जें चिन्ह वापरतात तें मुळांत सर्पाचें चित्र होय, असें सांगून शू शन पुढें लिहितो कीं, अति प्राचीन काळीं लोक गवतांत रहात, सापांचें भय फार असे, म्हणून भेटतांच ते एकमेकांस ‘साप नाहीं ना?’ असें विचारीत. त्याच शतकाच्या अखेरीस यिंग शाओ नांवाच्या दुसऱ्या एका विद्वानानें लोकरीतींवर ग्रंथ लिहिला, त्यांत ‘वू-यांग’ या शब्दाची अशीच कथा आहे. ‘वू-यांग’ म्हणजे ‘यांग नाहीं’, अर्थात् सर्व कुशल. हा ‘यांग’ माणसाच्या अंगांत शिरून पोखरणारा एक कीटक होता, उघड्यावर निजणाऱ्या लोकांस त्याची फार पीडा होई, आणि म्हणून सकाळीं एकमेकांस ‘यांग नाहीं ना?’ असें विचारण्याची वहिवाट पडली, असें यिंग शाओ सांगतो.

या व्युत्पत्ति जशाच्या तशा स्वीकाराव्या असें नाहीं. त्याहूनहि जुन्या ‘अर-या’ नांवाच्या कोशांत ‘यांग’ चा अर्थ ‘चिंता’ एवढाच दिला आहे, व तोच अधिक संभवनीय दिसतो; कीटकाची गोष्ट मागाहून रचली गेली असावी. परंतु खऱ्याखोट्याचा निवाडा झाल्यावरहि एक गोष्ट शिल्लक राहते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील चिनी विद्वानांना असें निश्चित वाटत होतें कीं, भेटीचा पहिला शब्द हा मुळांत भयाचा शब्द असतो. ज्या संकटाची धास्ती समाजाला अधिक, त्याचेंच नांव घेऊन माणूस माणसाची विचारपूस करतो. हें मत मोठें मार्मिक आहे. पुढें आपल्याला त्याची पुन्हा गरज लागेल.

कुशल कोणाचें आधीं पुसावें, हाहि तेथें एक गहन प्रश्न झाला होता. चिनांत सात राज्यें परस्परांशीं झुंजत होतीं त्या काळच्या कथा ‘चान-क्वो त्स’ या ग्रंथांत संग्रहित आहेत. त्यांत चाओ राज्याच्या राजमातेची एक आख्यायिका येते. ही इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतील. छी देशाच्या राजानें तिच्याकडे वकील पाठविला. वकिलानें आणलेलें पत्र उघडण्यापूर्वींच तिनें विचारिलें कीं, यंदा पीक कुशल आहे ना? नंतर विचारिलें, लोक कुशल आहेत ना? आणि शेवटीं, राजा कुशल आहे ना? वकिलास राग आला. हलक्या वस्तु आधीं आणि आमचे महाराज मागून, हा कोठला शिष्टाचार, असें त्यानें म्हटलें. राजमातेनें शांतपणें उत्तर दिलें कीं, पीक नसेल तर लोक कोठून असणार, आणि लोक नसतील तर राजा कोठून असणार? मूळ सोडून शेंडा आधीं विचारावा काय? या तीनहि प्रश्नांत शब्द आला आहे तो तोच, ‘वू-यांग’. दोन हजार वर्षांपूर्वींचें हें क्षेमकुशल अन्नापासून सुरू होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

शब्दाच्या जोडीला हातहि होते. चिनी माणूस भेटला म्हणजे दुसऱ्याचा हात धरीत नसे. स्वतःचेच दोन्ही हात छातीपुढें एकावर एक घेऊन किंचित् हालवी. पुरुषानें एरवीं डावा हात वर ठेवावा व सुतकांत उजवा वर ठेवावा, असा संकेत होता. ‘ली-ची’ या आचारग्रंथांत यासंबंधीं कन्फ्यूशियसची एक हृद्य गोष्ट आहे. एकदां गुरुजी शिष्यांसह उभे असतां त्यांचा उजवा हात वर होता. शिष्यांनींहि लागलीच उजवा हात वर घेतला. तेव्हां गुरुजी म्हणाले कीं, तुम्ही मुलें शिकण्याला फारच उत्सुक दिसतां. माझा हात असा आहे तो माझी वडील बहीण वारली म्हणून. शिष्यांनीं निमूटपणें हात बदलले. शिष्टाचाराची टवाळी करणाऱ्यांनीं आणि त्याचें स्तोम माजविणाऱ्यांनीं दोघांनींहि ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. हाताच्या ठेवणींत एका भावाचें दुःख होतें, आणि नक्कल करणाऱ्यांना मात्र त्यांत केवळ पद्धति दिसली.

पुढील शतकांत या नमस्काराची एक मोठी उतरंड तयार झाली. पुरुष हात जोडून वांकतांना तोंडानें ‘र’ असा आदरसूचक उच्चार करीत. सुंग काळच्या वीरांच्या लोकप्रिय कथांत हा प्रकार वारंवार आढळतो. स्त्रिया कमरेपाशीं हात जुळवून ‘वान-फू’, म्हणजे ‘दहा सहस्र सौख्यें’, असें म्हणत. मांचू लोकांचें छिंग घराणें १६४४ त पेकिंगच्या गादीवर आल्यावर एक गुडघा वांकवून करावयाच्या मुजऱ्याची त्यांत भर पडली. आणि या सर्वांच्या शिखरावर सम्राटापुढें घालावयाचा दंडवत: तीन वेळां गुडघे टेकावे व दर खेपेस तीनदां कपाळ जमिनीस लावावें. १७९३ च्या सप्टेंबरांत इंग्रजांचा वकील लॉर्ड मॅकार्टनी जेहोल येथें चिएनलुंग बादशहाच्या भेटीस गेला, तेव्हां हे नऊ दंडवत घालण्याचें त्यानें नाकारिलें व स्वतःच्या राजाला करी तेवढाच, एक गुडघा टेकून, मुजरा केला असें इंग्रजी वृत्तांतांत नमूद आहे. १८१६ त दुसरा वकील अँम्हर्स्ट याला तर याच भांडणापायीं भेट न होतां परत फिरावें लागलें. नमस्कार ही राज्यांच्या भांडणाची बाब होऊं शकते, ती अशी.

सुशिक्षितांच्या बोलण्यांतहि ही उतरंड मुरलेली होती. समोरच्याचें आडनांव ‘मौल्यवान’, आपलें ‘क्षुद्र’. त्याचें घर म्हणजे ‘वाडा’, आपलें म्हणजे ‘थंडगार झोपडी’. आपला मुलगा ‘कुत्र्याचें पोर’. आपल्याकडेहि चांगला दुमजली वाडा दाखवितांना ‘गरिबाच्या झोपडींत पाय लागले’ असें म्हणण्याची रीत होतीच. तेव्हां वाचकांना यांत फार हसण्यासारखें कांहीं वाटणार नाहीं. पण हें सारें बोलणें परक्यांशीं किंवा वडीलधाऱ्यांशीं. मित्रामित्रांत तें कधींच टिकलें नाहीं.

१९११ च्या क्रांतीनें बादशाही गेली आणि तिच्यामागून नमस्कारांची ही उतरंडहि ढांसळली. १९१२ च्या आरंभीं डॉ. सुन यत्सेन यांच्या सरकारनें अधिकाऱ्यांना ‘महाथोर’ आणि ‘धनीसाहेब’ या अर्थाच्या पदव्यांनीं संबोधण्याची चाल बंद केली व सामान्य नागरिकांनीं एकमेकांस ‘श्येन-शंग’ म्हणावें असें ठरविलें. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधीं जन्मलेला’. आजचा अर्थ आपल्या ‘राव’सारखा. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत नव्या लोकराज्यानें नमस्काराचा कायदाच केला: पुरुषांनीं टोपी काढून वांकावें, मोठ्या प्रसंगीं तीनदां, एरवीं एकदां. शहरांतून हस्तांदोलनहि सुरू झालें. लिन युतांग या विनोदी निबंधकारानें १९३७ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकांत या पाश्चात्त्य चालीची यथेच्छ थट्टा केली आहे. पाश्चात्त्य लोक दुसऱ्याचा हात हालवितात आणि आम्ही आपलाच हालवितों, हा दोन संस्कृतींतील एक मोठा भेद होय, असें त्याचें म्हणणें. परक्याच्या हाताचा मळ घेण्यापेक्षां आपला आपण धरलेला बरा, या त्याच्या युक्तिवादांत थट्टेइतकेंच तथ्यहि होतें.

आतां आपण खुद्द मित्रांच्या बोलण्याकडे येऊं. परदेशी मनुष्य चिनी भाषा शिकूं लागला म्हणजे त्याला पहिला धडा मिळतो तो ‘नी हाओ’ चा: ‘नी’ म्हणजे तूं, ‘हाओ’ म्हणजे चांगला. आदरार्थीं ‘नी’ च्या जागीं ‘नीन’ येतें. लिहितांना ‘तूं’ या चिन्हाखालीं ‘हृदय’ हें चिन्ह काढिलें कीं ‘नीन’ होतें. ही कल्पना सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु जिवलग मित्र मात्र एकमेकांस ‘नी हाओ’ क्वचितच म्हणतात. नव्या ओळखीच्या माणसाला, दुकानदाराला, दूरध्वनीवरील अपरिचिताला तें शोभतें. रोजच्या सोबत्याला तें म्हटलें तर त्यांत औपचारिकपणाचा गारवा लागतो. बालमित्रानें वाटेंत गांठून ‘आपली प्रकृति कशी आहे?’ असें छापील भाषेंत विचारावें, तसा कांहींसा हा प्रकार होतो.

मग मित्र काय म्हणतात? ते समोर दिसेल तें म्हणतात. बाजाराची पिशवी हातीं दिसली तर ‘भाजी आणायला का?’, दाराबाहेर पाऊल पडतांना दिसलें तर ‘कोठें निघालांस?’, सायंकाळीं परततांना भेटला तर ‘आलास वाटतें?’, सकाळीं नुसतें ‘चाओ’, म्हणजे ‘लौकर!’ आणि जेवणाच्या वेळेच्या आगेमागें, सर्वांत प्रसिद्ध असा तो प्रश्न: ‘छ्र ल मा?’ म्हणजे ‘जेवलास का?’ त्यावर ठरलेलें उत्तर, ‘जेवलों, आणि तूं?’ हांक मारतांना वडील मित्राच्या आडनांवापूर्वीं ‘लाओ’, म्हणजे ‘म्हातारा’, आणि धाकट्याच्या आडनांवापूर्वीं ‘श्याओ’, म्हणजे ‘छोटा’, लावावयाचा: लाओ वांग, श्याओ ली. ‘म्हातारा’ म्हटल्यानें तेथें कोणी रागावत नाहीं. तें आपलेपणाचें लक्षण समजतात.

नवखा परदेशी या ठिकाणीं दोन प्रकारें फसतो. ‘जेवलास का?’ हें आमंत्रण समजून तो ‘नाहीं, अजून नाहीं’ असें आशेनें सांगतो. किंवा ‘कोठें निघालांस?’ ही हेरगिरी समजून मनांत चिडतो. मराठी मनुष्याला मात्र ही अडचण पडूं नये. ‘काय, जेवणखाण झालें का?’ आणि ‘काय राव, कोणीकडे?’ हे प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतून इतके रुळलेले आहेत कीं, त्यांना कोणी खुलासेवार उत्तर देऊं लागला तर विचारणाराच गोंधळून जाईल.

‘छ्र ल मा’ चें मूळ काय? यावर सर्वांच्या तोंडीं असलेलें उत्तर असें कीं, चीन हा दुष्काळांचा देश. पोटाला मिळणें हीच जेथें मोठी वार्ता, तेथें माणसें दुसरें काय विचारणार? या उत्तराला इतिहासाचा आधार नाहीं असें नाहीं. १८७६ ते १८७९ या वर्षांत उत्तर चीनमधील पांच प्रांतांत जो दुष्काळ पडला त्यांत अंदाजें नव्वद लाखांपासून एक कोटी तीस लाखांपर्यंत माणसें दगावलीं. शान्सी प्रांताची दैना सर्वांत अधिक झाली. नेमक्या त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ त, पुणें, सोलापूर, विजापूर या बाजूसहि दुष्काळानें हाहाकार उडविला होता. प्रशांत महासागराचें पाणी अवेळीं तापल्यामुळें दोन्ही देशांवरील पाऊस एकाच वेळीं हुकला, असें हवामानशास्त्रज्ञ आतां सांगतात. म्हणजे शान्सीचा शेतकरी आणि सोलापूरचा शेतकरी एकमेकांचें नांवहि न ऐकतां एकाच आभाळाकडे डोळे लावून बसले होते, आणि दोघांच्याहि भाषेंत शेजाऱ्याला विचारावयाचा प्रश्न एकच होता.

असें असलें तरी केवळ भुकेनें या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. दुष्काळ अनेक राष्ट्रांत पडले. आयर्लंडमध्यें पडले, रशियांत पडले. तेथें हा नमस्कार रूढ झाला नाहीं. उलट दक्षिणेकडील कँटनी बोलींत ‘भात खाल्लास का?’ आणि फुच्येन व तैवान येथील बोलींत ‘पोटभर खाल्लेंस का?’ अशीं याचीं भावंडें आढळतात. तेव्हां कोणा एका प्रांताच्या एका आपत्तींत त्याचा जन्म झाला असेंहि म्हणतां येत नाहीं. शिवाय खरोखर उपाशी असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. ज्या शेजाऱ्यानें बहुधा जेवण केलेंच असेल, त्यालाच तो सुखानें विचारतां येतो. यासाठीं मला असें वाटतें कीं, ‘जेवलास का?’ याची खरी जात ‘भाजी आणायला का?’ याच प्रश्नाची आहे. उत्तर आधींच ठाऊक असलेली गोष्ट विचारावयाची, ती केवळ ‘तूं मला दिसलास, तुझ्या दिवसाकडे माझें लक्ष आहे’ एवढें कळविण्यासाठीं.

बोलण्याच्या या प्रकाराला मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानें १९२३ त एका निबंधांत शास्त्रीय नांव दिलें. ज्या बोलण्यानें माहिती मिळत नाहीं पण माणसें जोडलीं जातात, असें बोलणें रानटी व सुधारलेल्या सर्व समाजांत सारखेंच चालतें, हें त्यानें दाखविलें. आणि शब्दांनीं सुरू झालेलें हें सख्य एकत्र भोजनानें पूर्णतेस जातें, असेंहि त्यानें म्हटलें आहे. चिनी मित्रांनीं तर आरंभ आणि पूर्णता या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नांत बसविल्या आहेत. आणि येथेंच शू शनच्या सापाची आठवण होते. भय आणि जिव्हाळा हीं दोन परस्परविरुद्ध मुळें नव्हत. भयाच्या काळीं जो शब्द गंभीरपणें विचारला गेला, तोच निर्भय काळांत सहज विचारला जातो; आणि पुन्हा वाईट दिवस आले म्हणजे त्यांतला गंभीर अर्थ जागा होतो.

तसे दिवस आलेहि. १९४९ नंतर नव्या राज्यानें ‘श्येन-शंग’ मागें सारून ‘थुंग-च्र’, म्हणजे ‘समानध्येयी’, हें संबोधन सर्वांस सरसकट लागू केलें. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांच्या दुष्काळांत दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत माणसें मृत्यू पावल्याचे निरनिराळे अंदाज आहेत. त्या वर्षांत ‘जेवलास का?’ हा प्रश्न निव्वळ नमस्कार राहिला नसेल, हें सांगावयास नको. पुढें १९६६ त सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत दुकानांतील देवघेव आणि दूरध्वनीवरील संभाषण हींदेखील माओच्या वचनानें आरंभावीं असा दंडक पडला. सकाळसंध्याकाळ त्याच्या तसबिरीपुढें उभें राहून हजिरी देण्याचा प्रघात झाला. स्नेह्याशीं बोलतांना जेथें मध्यें तिसऱ्याचें वचन घालावें लागतें, तेथें स्नेहाचाच कोंडमारा होतो. पुढें तीं वचनें गळून गेलीं. ‘थुंग-च्र’ हळूहळू मागें पडलें. कांहीं काळ ‘शर-फू’, म्हणजे ‘उस्ताद’, हा कारागिरांचा शब्द सर्वांस लागला. नंतर ‘श्येन-शंग’ही परत आलें. एका शतकांत सत्तेनें संबोधनें तीनदां फिरविलीं. पण गल्लींतील ‘भाजी आणायला का?’ हा प्रश्न कोणाच्या हुकुमानें सुरू झाला नव्हता, म्हणून कोणाच्या हुकुमानें तो बंदहि झाला नाहीं.

या उलथापालथींत आपल्याकडील एका मनुष्याचें स्मरण होणें साहजिक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ त भारतीय वैद्यकीय पथकांतील पांच डॉक्टरांपैकीं एक म्हणून चिनांत गेले. बरोबरचे परत आले. ते तेथेंच राहिले, चिनी भाषा शिकले, त्या भाषेंत शिकवूं लागले, १९४१ त बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच सालीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं वारले. त्यांच्या चिनी नांवांतील शेवटच्या ‘ह्वा’ या अक्षराचा अर्थ ‘चीन’ असा आहे. रुग्ण त्यांना ‘ख दायफू’, म्हणजे ‘ख डॉक्टर’, म्हणत. परक्या देशांत मनुष्य आपला झाला कीं नाहीं, हें समारंभांतील भाषणांवरून कळत नाहीं. वाटेवर त्याला लोक कोणत्या नांवानें हांक मारतात, यावरून तें कळतें.

अलीकडे मात्र या जुन्या प्रश्नाला ओहोटी लागली आहे. तें काम सरकारनें केलें नाहीं, घरांच्या रचनेनें केलें. पेकिंगच्या अरुंद गल्ल्यांतून एका चौकाभोंवतीं अनेक कुटुंबें रहात, तेव्हां कोणाची चूल पेटली आणि कोणाचें ताट वाढलें हें सर्वांस दिसे. म्हणून ‘जेवलास का?’ या प्रश्नाला जागा होती. उंच इमारतींच्या बंद दारांआड कोण केव्हां जेवतें हें शेजाऱ्यास ठाऊक नसतें, आणि जें दिसत नाहीं तें विचारण्याची सोय नसते. तरुण मित्र आतां भ्रमणध्वनीवर ‘चाय मा?’ म्हणजे ‘आहेस का?’ असें लिहितात. पूर्वीं समोर दिसणाऱ्या माणसाला तो काय करतो आहे हें विचारीत. आतां न दिसणाऱ्या माणसाला तो आहे कीं नाहीं, हेंच आधीं विचारावें लागतें. दुसऱ्या बाजूस, २०२० च्या महामारींत हस्तांदोलन धोक्याचें ठरल्यावर स्वतःचे हात स्वतःच जोडण्याच्या प्राचीन नमस्काराची शिफारस चिनांत पुन्हा होऊं लागली. कोणती रीत मेली आणि कोणती निजली आहे, हें छातीठोकपणें सांगणें कठीण, तें यामुळेंच.

साप, कीटक, चिंता, पीक, भात: दोन हजार वर्षांत प्रश्नाचा विषय बदलत आला, पण प्रश्न विचारण्याची गरज बदलली नाहीं. दंडवताला दरबार लागतो, पदवीला सत्ता लागते, वचनाला धाक लागतो, ‘जेवलास का?’ याला दोन माणसें आणि एक वाट एवढें पुरतें. जो समाज हें एवढेंसें बोलणें निरर्थक म्हणून सोडून देईल, त्याला पुढें कधीं खरोखरीच विचारपूस करण्याची वेळ आली तर पहिला शब्द कोठून आणावा, हा प्रश्न पडल्यावांचून राहणार नाहीं.